पद्मिनीचे इंजिन बांधायचे आहे: आधी मोजमाप, मग पैसे

इचलकरंजीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: "वडिलांनी १९८९ मध्ये नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. ते गेल्यानंतर गाडी सुमारे सहा वर्षे शेडमध्ये उभी होती. यंदा उन्हाळ्यात टाकी साफ करून, नवी बॅटरी टाकून ती चालू केली; परंतु ती निळसर धूर सोडते, ५०० किलोमीटरला जवळजवळ एक लिटर ऑइल खाते आणि गरम झाल्यावर सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. एका मिस्त्रींनी इंजिन न उतरवता रिंगा, हेडचे काम आणि गॅस्केट असे २८,००० रुपये सांगितले. दुसऱ्यांनी फुल इंजिन करावे लागेल, ६२,००० रुपये होतील, असे सांगितले. माझ्याजवळ ७५,००० रुपये आहेत. त्यातच रंग आणि सीट कव्हरही करून दिवाळीत सगळ्यांना घेऊन जोतिबाला जावे, अशी इच्छा आहे. कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार.

आज तरी दोघांपैकी कोणाचेही ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही मिस्त्री आपापल्या अनुभवावरून बोलत असतील आणि दोघांपैकी एक जण बरोबरही ठरेल. परंतु आपल्या पत्रावरून दिसते ते असे, की दोघांपैकी कोणीही इंजिनात काहीही मोजलेले नाही. न मोजता सांगितलेला आकडा हा केवळ अंदाज असतो, आणि अंदाजावर बांधलेले इंजिन अर्ध्या कामात पैसे मागू लागते. म्हणून आपल्या ७५,००० रुपयांचा पहिला छोटा हिस्सा दुरुस्तीवर नव्हे, तर निदानावर खर्च व्हावा.

त्याहीआधी गाडीचे आरसी पुस्तक काढून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १९८९ च्या गाडीचा हिशेब २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असा येतो. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असताना तिची मुदत संपून गेलेली असण्याची दाट शक्यता आहे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. त्याशिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसीही चालू असावे लागतात. निळा धूर ओकणारी गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नाही, त्यामुळे इंजिनाचे काम आधी आणि तपासणी नंतर हा क्रम योग्यच आहे. मात्र आरटीओत चौकशी करून नेमकी किती रक्कम भरावी लागेल, हे इंजिनाला हात लावण्यापूर्वी समजून घ्या आणि ती रक्कम बजेटमध्ये पहिल्या ओळीवर लिहा. मुदत संपली असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करून न्या.

आता निदानाकडे वळू. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत काही दोष झिजेचे असतात आणि काही केवळ उभे राहण्याचे असतात. वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. पिस्टनच्या खाचांमध्ये जुने ऑइल सुकून त्याचा डिंक होतो आणि रिंगा खाचेतच चिकटून बसतात. अशा रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट टेकत नाहीत, ऑइल वर जाऊन जळते आणि निळा धूर येतो. अशा वेळी ताजे ऑइल भरून गाडी थोडी चालवल्यावर रिंगा काही अंशी मोकळ्या झाल्याची उदाहरणे आहेत. त्याचप्रमाणे व्हॉल्व्ह सीलचे रबर कडक होऊन तडकते. या दोन्हींचा खर्च फुल इंजिनापेक्षा पुष्कळ कमी आहे.

धूर केव्हा येतो, हे आठवून बघा. वेग घेताना आणि चढावर सतत येत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीवर, जातो. जोतिबाचा डोंगर उतरताना गाडी गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि खाली आल्यावर पुन्हा पाय दिला की भपकन धूर येतो, असे असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) आणि सील यांचा असतो, कारण पाय काढल्यावर सिलिंडरात निर्माण होणारी ओढ गाइडमधून ऑइल आत खेचते.

लाल दिव्याच्या बाबतीत एक साधी गोष्ट आधी तपासा. ऑइलची पट्टी काढून तिचा वास घ्या आणि ऑइल बोटांवर चोळून बघा. पेट्रोलचा वास आला, ऑइल पाण्यासारखे पातळ लागले किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. पद्मिनीचा पंप यांत्रिक असून तो इंजिनावरच बसवलेला असतो. पडदा गेला की पेट्रोल थेट इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि दिवा लुकलुकू लागतो. अशा स्थितीत गाडी चालवत राहिले तर चांगले बेअरिंगही खराब होते. पंप दुरुस्त करून नवे ऑइल आणि फिल्टर टाकल्यावर दिवा शांत झाला, तर मोठा खर्च टळला असे समजा. शांत झाला नाही, तर दिव्याच्या स्विचच्या जागी काट्याचे गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना दाब मोजायला सांगा. मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे साधारण १० पाउंड (दर चौरस इंचाला) दाब, हा जुना ढोबळ नियम अशा इंजिनांना लागू पडतो. दाब त्यापेक्षा बराच कमी असेल तर ऑइल पंप किंवा क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंगे झिजली आहेत, आणि मग इंजिन उतरवण्याला पर्याय नाही.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो त्याची मोजणी. ती करताना इंजिन गरम असावे, चारही प्लग काढलेले असावेत, इग्निशनची वायर सोडवलेली असावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी भरलेली असावी. यातले एक जरी चुकले तरी आकडे फसवे येतात. चारही आकडे कागदावर लिहून घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांमधून आहे. हलला नाही तर व्हॉल्व्हमधून आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट गेलेले असण्याचा संभव आहे. या तपासणीला एक सकाळ पुरते.

समजा, निकाल रिंगांकडे गेला. आता आपल्या दोन मिस्त्रींमधला खरा वाद समोर येतो. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते तिथे, म्हणजे अगदी वरच्या भागात, उष्णता सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी असल्याने तिथेच झीज जास्त होते. खाली बोअर जवळजवळ मूळ मापाचा राहतो. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख फिरवा. नख अडकेल अशी कडा लागली तर बोअर वर रुंद आणि खाली अरुंद झाला आहे. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या तर प्रत्येक फेरीत त्या उघडतात आणि मिटतात, भिंतीशी त्यांचे नीट जमत नाही, आणि वरची नवी रिंग त्या कडेवर आपटून मोडूही शकते. काही महिने गाडी बरी वाटते आणि मग धूर परत येतो. त्या वेळी २८,००० रुपये पाण्यात जातात, कारण फुल इंजिन करताना त्याच रिंगा आणि तेच गॅस्केट पुन्हा विकत घ्यावे लागतात. उलट बोअर मर्यादेत असेल तर होनिंग करून (बोअरची भिंत बारीक दगडाने हलकी घासून) मूळ मापाच्या नव्या रिंगा टाकणे हे पूर्णपणे प्रामाणिक काम आहे आणि पहिल्या मिस्त्रींचा अंदाज बरोबर ठरतो. म्हणून निर्णय बोअर गेजने करावा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजला की चार सिलिंडरचे २४ आकडे होतात. पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर आहे. वरच्या आणि खालच्या मापात ०.१० ते ०.१५ मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे) आणि त्या मोठ्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन हाच मार्ग आहे. क्रँकच्या तीन मेन आणि चार बिग एंड जर्नलांचीही (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांची) अशीच दोन दिशांनी मापे घ्यावीत.

आपण इचलकरंजीत आहात, हे आपले भाग्य आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचे काम करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत. मिस्त्रींच्या ओळखीचे दुकान असले तरी आपण स्वतः एकदा जाऊन बघा. मापे बिलावर लिहून देणारे, बोअरिंगनंतर होनिंग करणारे आणि क्रँकच्या जर्नलच्या कडेची गोलाई राखणारे दुकान निवडा. ही गोलाई घासून काटकोन केला की क्रँक पुढे नेमका तिथूनच तुटतो. आणखी एक गोष्ट कृपा करून ठाम धरा: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू देऊ नका. बाजारात कोणते ओव्हरसाइज माप मिळते ते आधी ठरते, आणि दुकानदाराने प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याच्या उत्पादकाने सांगितलेली फट ठेवून बोअर करायचा असतो. "बोअर करून ठेवतो, पिस्टन बघू" असे म्हणून केलेल्या कामात कित्येक ब्लॉक विनाकारण पुढच्या मापाला गेले आहेत. चार पिस्टन आणले की त्यांची वजनेही तपासा. हुपरीच्या एखाद्या चांदी कारागिराच्या काट्यावर पाच मिनिटांत हे काम होईल, आणि चौघांत दोन-तीन ग्रॅमहून जास्त फरक असेल तर संच बदलून मागता येईल.

सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउस व कुर्ल्याच्या बाजारांत चौकशी करा. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी तयार होत असे, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे तिच्या भागांना दीर्घकाळ गिऱ्हाईक होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे आता जुन्या शिल्लक मालावर अधिक भिस्त ठेवावी लागेल. धातूचा जुना माल चालतो, मात्र बेअरिंगच्या वाट्यांवर डाग किंवा गंज नाही ना, हे बॉक्स उघडून बघावे. रबराचा जुना माल, म्हणजे सील, होज, माउंटिंग आणि पंपाचा पडदा, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता पैशांचे बोलू. ७५,००० रुपयांतून आरटीओची रक्कम वेगळी काढल्यावर साधारण ६०,००० ते ६२,००० रुपये उरतील असे धरू. दुसऱ्या मिस्त्रींचा आकडाही तेवढाच आहे, म्हणून हिशेब जुळला असे वाटेल. पण तो जुळलेला नाही, कारण हाताशी राखीव काहीच राहत नाही. जुने इंजिन उघडल्यावर काय निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. हेडला तडा, पाण्याच्या वाटा खाल्लेल्या, क्रँक आधीच शेवटच्या मापापर्यंत घासलेला, कॅमशाफ्टचे उंचवटे झिजलेले, ब्लॉकला पूर्वीच स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळ्या) टाकलेल्या. यांपैकी एखादी गोष्ट निघाली तरी हिशेब कोलमडतो. माझा आग्रह असा, की १८,००० ते २०,००० रुपये बाजूला ठेवावेत आणि मोजमापाचा कागद हाती आल्याशिवाय त्यांना हात लावू नये. इंजिन उतरवणे, खोलणे, धुणे आणि मोजणे यासाठी ७,००० ते ८,००० रुपयांची वेगळी मजुरी ठरवा, तीही अशा स्पष्ट बोलीवर, की मापे पाहून काम थांबवायचे ठरले तरी ही मजुरी मिळेल आणि पुढचे काम बंधनकारक राहणार नाही. मग प्रत्यक्ष बांधणीला ३४,००० ते ३५,००० रुपये उरतात. ६२,००० चा तपशील ओळीवार मागितल्यावर त्यात रेडिएटर, क्लच, रंगकाम असे काय काय धरले आहे ते कळेल आणि काय पुढे ढकलता येईल तेही दिसेल. मापांनी फुल इंजिनाची गरज दाखवली आणि पैसे पुरत नसतील, तर खोललेले इंजिन ऑइल लावून, झाकून, भाग खुणेच्या डब्यांत ठेवून दोन-तीन महिने थांबणे हे अर्धवट बांधण्यापेक्षा शतपटीने चांगले.

रंग आणि सीट कव्हर या बजेटमधून काढून टाका. आपली इच्छा मला समजते. वडिलांची गाडी चकचकीत दिसावी असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच पैशात इंजिन बाहेर असताना क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचे ऑइल सील, इंजिन माउंटिंग, वॉटर पंप आणि टाइमिंग चेन ही कामे होतात. यांपैकी एकासाठी पुढच्या वर्षी पुन्हा गाडी उघडावी लागली तर मजुरी दुसऱ्यांदा जाते. रंग केव्हाही करता येतो.

बचत करायचीच असेल तर धुण्यापुसण्यात, ने-आण करण्यात आणि भाग शोधण्यात स्वतः श्रम घेऊन करा. बेअरिंग, रिंगा, गॅस्केट, ऑइल पंप आणि हेडचे काम यांत एक रुपयाही वाचवू नका. धुण्याबाबत एक खबरदारी घ्या: ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि कॉस्टिकच्या टाकीत ते सडते, म्हणून हेड वेगळे धुतले जाते की नाही, याची खात्री करा. बोअरिंग आणि ग्राइंडिंगनंतर ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे बूच काढून आत ब्रश फिरवणे आणि क्रँकची भोके हवेने साफ करणे हे काम आपल्या डोळ्यांसमोर व्हावे. घासण्याच्या दगडाचा बारीक कण आत राहिला तर नवी बेअरिंगे काही तासांत ओरखडतात. हेडमध्ये नवे गाइड बसवल्यानंतरच व्हॉल्व्हचे सीट कापायचे असतात, आधी नव्हे. आणि हेडची प्रेशर टेस्ट फेसिंगपूर्वी (हेडचा पृष्ठभाग सपाट घासण्यापूर्वी) व्हावी, म्हणजे तडा गेलेल्या हेडवर पैसे जाणार नाहीत.

मिस्त्रींशी बोलणे लेखी असावे. कोणते काम, कोणत्या कंपनीचे भाग, मजुरी किती, बांधल्यावर धूर किंवा दाबाची तक्रार आली तर किती महिन्यांपर्यंत ते बघतील, हे साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहा. आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्या आणि काढलेले सर्व जुने भाग पोत्यात भरून परत मागा. ब्लॉक निकामी निघाला आणि दुसरा बसवण्याची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. कागदपत्रांशिवायचा ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बांधणी चालू असतानाच इंधनाची व्यवस्था बदलून घ्या. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतही ते तयार होते. १९८९ च्या गाडीचे पेट्रोल होज, कार्बोरेटरची गॅस्केटे आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे होज आणि पडदे लावा, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल साठवून ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी कदापि नको; तयार कूलंटच भरा. अ‍ॅल्युमिनियमची हेडे खराब होण्यामागे वर्षानुवर्षे भरलेले जड पाणी हे फार मोठे कारण असते.

दिवाळीचे वचन मिस्त्रींकडून घेऊ नका आणि घरच्यांनाही देऊ नका. सणापूर्वी प्रत्येक गॅरेजात गर्दी असते, पिस्टनचा संच मुंबईहून यायला वेळ लागू शकतो आणि घाईत रात्री बांधलेल्या इंजिनात टॉर्क रेंचऐवजी साधा पाना फिरतो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या टॉर्कलाच आवळले पाहिजेत.

इंजिन बांधून झाल्यावर प्रथम प्लग काढून स्टार्टरवर फिरवत लाल दिवा विझेपर्यंत ऑइलचा दाब तयार करावा आणि मगच गाडी चालू करावी. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटे इंजिन आयडलवर न ठेवता १,५०० ते २,००० फेऱ्यांवर ठेवावे. ऑइल साधे मिनरल २०डब्ल्यू-५० भरावे; सिंथेटिक सुरुवातीला नको, कारण रिंगांना बोअरशी बसायला थोडे घर्षण लागते. पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने चालवू नका, वेग कमी-अधिक करत राहा, आणि अंगावर ओझे घेऊन घाट चढवू नका. म्हणजे जोतिबाची यात्रा रनिंग, म्हणजे नव्या भागांचा जम बसण्याचा हा काळ, संपल्यावर. ५०० किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदला आणि थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा सेट करून घ्या. बसवलेले गॅस्केट मागत असेल तर हेडचे बोल्टही त्याच वेळी पुन्हा आवळून घ्या. काढलेले ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उजेडात बघा: पहिल्या वेळी थोडी करडी चमक असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला लागतील असे धातूचे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवून मिस्त्रींना बोलवा.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि गरम इंजिनावरचा ऑइलचा दाब कळवलात, तर इंजिन उतरवायचे की केवळ हेड काढायचे, हे मी पुढच्या उत्तरात निश्चित सांगू शकेन.